अमेरिकेतील अंगणासाठी झाडे निवडताना : हार्डीनेस झोन कसा वाचावा आणि कसा वापरावा

महाराष्ट्रात वाढलेला माणूस झाड लावण्याआधी पाऊस आणि माती यांचा विचार करतो. आपल्या राज्याचे जे नऊ कृषी-हवामान विभाग पाडलेले आहेत, तेही मुख्यतः पर्जन्यमान, जमीन आणि पिके यांच्या आधारे पाडलेले आहेत. थंडीने बाग जाईल ही धास्ती निफाडच्या द्राक्षबागायतदाराला एखाद्या कडक जानेवारीत वाटते. पुण्यात कुंपणाशी मोगरा लावणाऱ्याच्या मनाला ती शिवतही नाही. अमेरिकेत घर घेऊन अंगण हाताशी आल्यावर मात्र हा क्रम उलटा करावा लागतो. येथे पहिला प्रश्न थंडीचा असतो, आणि तोही सरासरी थंडीचा नव्हे, तर वर्षातील सर्वांत थंड रात्रीचा. ती एक रात्र झाड काढू शकणार नसेल, तर उरलेल्या ३६४ दिवसांची निगा व्यर्थ जाते.

न्यू जर्सीतील आमच्या पहिल्या घरी आम्ही दारासमोर जास्वंद लावली होती. रोपाच्या पट्टीवर केवळ ‘हिबिस्कस’ असे लिहिलेले होते, रोप फुलांनी लगडलेले होते, आणि गणपतीसाठी घरची फुले मिळतील या आनंदात आम्ही ती पट्टी पुढे वाचलीच नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर एका रात्रीत सगळी पाने काळी पडली आणि वसंतात मुळापासून एकही फुटवा आला नाही. आपल्या हाताला गुण नाही, असे मला बराच काळ वाटत राहिले. असे वाटून बागकाम सोडून दिलेली कितीतरी मराठी घरे मी पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो. झाड आणि झोन यांची गाठ चुकलेली असते.

झोन म्हणजे नेमके काय

अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० मध्ये हार्डीनेस झोनचा, म्हणजे कोठे किती थंडी सोसणारे झाड टिकेल हे सांगणाऱ्या विभागांचा, नकाशा प्रथम प्रसिद्ध केला. त्यानंतर त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. १९९०, २०१२ आणि अगदी अलीकडे नोव्हेंबर २०२३ मधील आवृत्ती या त्यांतील महत्त्वाच्या होत. नकाशामागील गणित साधे आहे. एखाद्या ठिकाणी प्रत्येक वर्षी नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान घ्यायचे आणि अशा तीस वर्षांच्या नीचांकांची सरासरी काढायची. २०२३ च्या नकाशासाठी १९९१ ते २०२० ही वर्षे घेतलेली आहेत. या सरासरीनुसार देशाचे तेरा झोन पाडले असून प्रत्येक झोन १० अंश फॅरनहाइटचा आहे. प्रत्येकाचे पुन्हा ५-५ अंशांचे दोन भाग केलेले असून थंड भागाला ‘ए’ आणि उबदार भागाला ‘बी’ म्हणतात.

पाठ करण्यासाठी एक खूण पुरेशी आहे : झोन ७ हा शून्य अंश फॅरनहाइटपासून सुरू होतो. तेथून एक-एक झोन वर चढला की १० अंश मिळवायचे आणि खाली उतरला की १० अंश वजा करायचे. म्हणजे झोन ७ मधील सरासरी नीचांक ० ते १० फॅरनहाइट (उणे १८ ते उणे १२ सेल्सिअस), झोन ६ मधील उणे १० ते ० फॅरनहाइट, झोन ९ मधील २० ते ३० फॅरनहाइट आणि झोन १० मधील ३० ते ४० फॅरनहाइट. तुलनेसाठी पुण्याचे उदाहरण घेऊ. कडाक्याच्या थंडीत तेथे पारा सात-आठ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. हे मोजमाप लावले तर पुणे झोन ११ च्या आसपास बसेल आणि मुंबई त्याहून वरच्या झोनमध्ये. ज्या झाडांशी आपले बालपण जोडलेले आहे, ती बहुतेक सगळी झोन १० आणि त्यावरील आहेत, हे एवढ्यावरूनच लक्षात येते.

आपला झोन शोधण्यासाठी कृषी खात्याच्या संकेतस्थळावर घराचा झिप कोड घालावा. मध्य न्यू जर्सीचा बराचसा भाग झोन ७ मध्ये येतो, शिकागोच्या परिसरात ५बी आणि ६ए सापडतात, डॅलस शहर नव्या नकाशात ८बी आहे, आणि सान होजेच्या परिसरात ९बी ते १०ए. शेजाऱ्याने किंवा जुन्या बागकामाच्या पुस्तकाने सांगितलेल्या झोनवर विसंबू नये, कारण २०२३ च्या नकाशात देशाचा जवळपास अर्धा भाग पूर्वीपेक्षा अर्ध्या झोनने उबदार गणला गेला आहे. या बदलात वाढत्या उष्णतेचा वाटा आहे, तसाच पूर्वीपेक्षा खूप अधिक हवामान-केंद्रांच्या नोंदी वापरल्याचाही आहे. म्हणून, नव्या नकाशाने आपल्याला ६बी मधून ७ए मध्ये नेले म्हणजे अंगणातील थंडी हटली, असे मानून लगेच नाजूक झाडांची खरेदी करू नये, असे माझे मत आहे.

सरासरी या शब्दाकडे नीट पाहावे

नकाशातील आकडा हा सरासरीचा आकडा आहे, हमीचा नव्हे. काही हिवाळे त्याहून सौम्य असतील, तसे काही त्याहून कडकही असतील. डॅलस २०१२ च्या नकाशात ८ए मध्ये होते, म्हणजे तेथील अपेक्षित नीचांक १० ते १५ फॅरनहाइट. प्रत्यक्षात १६ फेब्रुवारी २०२१ रोजी तेथील विमानतळावर उणे २ फॅरनहाइटची नोंद झाली. ही रात्र झोन ६बी ची होती. वर्षानुवर्षे रस्त्याकडेला फुलणारी कण्हेर त्या आठवड्यात जमिनीपर्यंत जळाली. काही ठिकाणी ती मुळापासून पुन्हा फुटली, काही ठिकाणी कायमची गेली. शिकागोमध्ये ३० जानेवारी २०१९ रोजी पारा उणे २३ फॅरनहाइटपर्यंत उतरला होता, आणि तोही तेथील झोनच्या बराच खाली होता.

यावरून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे, आणि तो इतरांनीही पाळावा असे मला मनापासून वाटते. जे झाड मोठे होणार, ज्याच्या सावलीत पुढे मुलांनी खेळावे अशी आपली इच्छा आहे, किंवा जे मरून गेले तर अंगण उघडे पडेल, ते आपल्या झोनपेक्षा किमान एक झोन अधिक थंडी सोसणारे निवडावे. आपण झोन ७ मध्ये असू, तर अशा झाडाच्या पट्टीवर ५ किंवा ६ पासूनचा आकडा हवा. फुलझाडे, झुडपे आणि कंद यांच्या बाबतीत अगदी सीमेवरचा धोका पत्करायला हरकत नाही, कारण ती गेली तरी दोन-तीन वर्षांत जागा भरून निघते.

पट्टी कशी वाचावी

रोपवाटिकेतील पट्टीवर ‘झोन ५–९’ असा पल्ला दिलेला असतो. पहिला आकडा थंडीची सीमा सांगतो आणि तो बऱ्यापैकी भरवशाचा असतो. दुसरा आकडा उष्णतेची किंवा अपुऱ्या थंडीची सीमा सांगण्यासाठी असतो, आणि तो अनेकदा ढोबळ असतो, कारण उन्हाळ्याचा कस या नकाशात मोजलेलाच नाही. २०१२ च्या नकाशात सिएटल आणि टेक्सासमधील ऑस्टिन ही दोन्ही शहरे ८बी मध्ये होती, आणि एकात थंड, मवाळ उन्हाळा असतो तर दुसऱ्यात महिनोन्‌महिने भाजून काढणारा. जे झुडूप सिएटलमध्ये बहरते, ते त्याच झोनच्या ऑस्टिनमध्ये जुलैत करपू शकते. याच अडचणीवर उपाय म्हणून अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९९७ मध्ये उष्णतेचा वेगळा नकाशा काढला. त्यात ८६ फॅरनहाइटच्या, म्हणजे ३० सेल्सिअसच्या, वर तापमान जाणारे दिवस मोजून बारा विभाग केलेले आहेत. टेक्सास, ॲरिझोना किंवा फ्लोरिडात राहणाऱ्यांनी दोन्ही नकाशे पाहावेत. उलट बाजूने, लायलॅक आणि पिओनी यांसारख्या झाडांना फुलण्यासाठी लांब थंडीची विश्रांती लागते. ह्यूस्टनमध्ये ती जगतील कदाचित, पण फुलण्याची आशा फारशी ठेवू नये.

पट्टीवरील आकड्याइतकेच शास्त्रीय नाव महत्त्वाचे आहे, आणि आमची चूक तेथेच झाली होती. हिबिस्कस या एका नावाखाली तीन अगदी वेगळी झाडे विकली जातात. हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस ही आपली देवाची जास्वंद. ती झोन ९ किंवा १० च्या खाली जमिनीत टिकत नाही. हिबिस्कस सिरिॲकस, जिला येथे ‘रोझ ऑफ शॅरन’ म्हणतात, ती झोन ५ पासून चालते. हिबिस्कस मॉशेटोस ही अमेरिकेच्या दलदलींतील मूळची जास्वंद; ताटलीएवढी फुले देते, हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळते आणि झोन ५ मध्येही उन्हाच्या आधाराने पुन्हा उगवते. ‘जास्मिन’ या नावाचेही असेच आहे. त्या नावाखाली मोगरा मिळतो, जाई मिळते, आणि जाईजुईच्या कुळाशी संबंध नसलेली ‘स्टार जास्मिन’ ही वेलही मिळते. पट्टीवर पूर्ण नाव नसेल तर ते रोप घेऊ नये.

आठवणीतील झाडाचे काटक भावंड शोधावे

या लेखातील सर्वांत आनंदाचा भाग हा आहे, आणि अंगण उभे करताना सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. आपल्याला हवे असलेले झाड आपल्या झोनमध्ये जगत नसेल, तर त्याच वंशातील थंड देशात वाढलेली जात शोधावी.

जास्वंदीचे उदाहरण वर आलेच. रोझ ऑफ शॅरन आणि मॉशेटोस या दोन्ही जुलैपासून सप्टेंबरपर्यंत फुलतात, म्हणजे गणपती ऑगस्टअखेर आले काय किंवा सप्टेंबरच्या मध्यावर आले काय, घरची फुले परडीत असतात. मॉशेटोसमध्ये गडद लाल फुलांच्या जाती सहज मिळतात. वसंतात तिला अंकुर फुटायला फार उशीर लागतो. आमच्याकडे मे महिना बराच पुढे सरकेपर्यंत जमिनीवर काहीच दिसत नाही, म्हणून झाड मेले समजून ते उकरून टाकू नये. रोझ ऑफ शॅरनच्या बिया मात्र सगळीकडे रुजतात, तेव्हा बी न धरणारी जात निवडावी.

सोनचाफा झोन १० चा आहे, पण तो मॅग्नोलियाच्या वंशातला आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. त्याच वंशातील मॅग्नोलिया व्हर्जिनियाना हे झाड न्यू जर्सीच्या दमट रानांत आपोआप वाढते, झोन ५ पर्यंतची थंडी सोसते, आणि जूनच्या सुमारास त्याला येणाऱ्या दुधी फुलांना लिंबाची झाक असलेला गोड वास असतो. तो सोनचाफ्याचा वास नव्हे. पण संध्याकाळी दार उघडल्यावर तो आत येतो तेव्हा नाते ओळखू येते. अनंताचेही असेच. अनंत, म्हणजे गार्डेनिया जास्मिनॉइड्स, एरवी झोन ८ चा, परंतु ‘फ्रॉस्टप्रूफ’ आणि ‘क्लाइम्स हार्डी’ अशा निवडक जाती झोन ७ मध्ये आडोशाच्या जागी तग धरतात. जाईच्या कुळातील जास्मिनम ऑफिसिनाले झोन ७ मध्ये भिंतीच्या आधाराने चालते. सोनटक्का झोन ८ मध्ये जमिनीत राहतो आणि झोन ७ मध्ये जाड आच्छादनाखाली त्याचे कंद वाचू शकतात.

केळीच्या पानावर जेवण वाढण्याची किंवा सत्यनारायणाला खांब बांधण्याची हौस असेल, तर मूसा बासजू ही केळ पाहावी. तिची फळे खाण्याजोगी नसतात, पण पाने आपल्या केळीसारखीच रुंद असतात आणि तिचा कंद जाड आच्छादनाखाली झोन ५ पर्यंतही जगतो. अंजिराची ‘शिकागो हार्डी’ ही जात थंडीने जमिनीपर्यंत गेली तरी नव्या फांदीवर त्याच वर्षी फळ धरू शकते. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीतील इटालियन स्थलांतरित कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आपली अंजिराची झाडे हिवाळ्यात गुंडाळून किंवा वाकवून मातीत पुरून जगवत आली आहेत. आपल्या आधी आलेल्या लोकांचे हे शहाणपण आपण मोकळ्या मनाने घ्यावे. आणि कमळ? ते उष्ण कटिबंधातले असे आपण धरून चालतो, पण त्याचा कंद गोठणाऱ्या पाण्याच्या थराखाली राहिला तर ते झोन ५ मध्येही दरवर्षी वर येते. उथळ टब पूर्ण गोठतो, तेव्हा टबातील कमळ हिवाळ्यात न गोठणाऱ्या गॅरेजमध्ये ठेवावे.

दूर्वांची चिंता नसावी. आपली दूर्वा म्हणजे येथील ‘बर्म्युडा ग्रास’. झोन ७ आणि त्यावर ती इतकी जोमाने पसरते की शेजारी तिला तण म्हणतात. ती पसरट कुंडीतच लावावी आणि लॉनवर फवारणी होत असेल तर तेथील दूर्वा पूजेला घेऊ नये.

मोगरा, कढीपत्ता, पारिजातक, बेल आणि आंबा यांना मात्र असे काटक भावंड मिळत नाही. त्यांच्यासाठी कुंडीशिवाय मार्ग नाही, आणि हे आधीच मान्य केलेले बरे.

कुंडीतील झाडांचा हिशेब वेगळा

जमिनीतील मुळांना पृथ्वीची ऊब असते. कुंडीतील मुळांना चहूबाजूंनी गार हवा लागते, आणि मुळे ही खोडापेक्षा थंडीला नाजूक असतात. म्हणून वर्षभर बाहेर राहणाऱ्या कुंडीसाठी आपल्या झोनपेक्षा दोन झोन अधिक थंड प्रदेशाचे झाड निवडावे, असा बागकाम करणाऱ्यांचा अनुभवसिद्ध संकेत आहे. झोन ७ मध्ये बाहेरच्या कुंडीत झोन ५ चे झाड लावावे.

झोन १० ची झाडे कुंडीत लावली, तर ती हिवाळ्यात आत यावी लागतात. रात्रीचे तापमान ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या, खाली जाऊ लागले की मोगरा, जास्वंद आणि कढीपत्ता आत घ्यावेत. आणण्यापूर्वी पाने दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवावीत, कारण हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी ही कीड फार वेगाने वाढते. दक्षिणेकडील खिडकी द्यावी, पाणी निम्म्यावर आणावे, खत बंद करावे. कढीपत्त्याची पाने डिसेंबरात गळली तर घाबरून पाणी वाढवू नये. ओल्या, गार मातीत मुळे कुजतात, आणि माझ्या पाहण्यात कढीपत्त्याची जितकी रोपे गेली, त्यांतली बहुतेक थंडीने नव्हे तर अशा मायेच्या पाण्याने गेली. देवचाफ्याचे काम सर्वांत सोपे आहे. महाराष्ट्रातही तो पाने गाळून उभा राहतो; येथे पाने गळाल्यावर कुंडी अंधाऱ्या पण न गोठणाऱ्या जागी ठेवावी, वसंतापर्यंत पाणी जवळजवळ देऊच नये.

अळू आणि हळद यांना झोन ८ मध्ये जमिनीत राहू द्यावे. त्याहून थंड झोनमध्ये पहिल्या दहिवराने, म्हणजे गोठलेल्या दवाने, पाने वाळल्यावर कंद खणून, माती झटकून, कागदी पिशवीत तळघरात ठेवावेत. निशिगंधाचे कंदही असेच काढून ठेवता येतात. हळदीला कंद भरायला आठ-दहा महिने लागतात, म्हणून थंड झोनमध्ये ती फेब्रुवारी-मार्चमध्ये घरातच कुंडीत सुरू करावी. अळूवडीसाठी कंद घेताना खाण्याच्या अळूचाच घ्यावा. ‘एलिफंट इअर’ म्हणून विकली जाणारी सगळीच पाने खाण्याची नसतात.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. भारतातून येताना बॅगेत रोप, कलम किंवा माती आणू नये. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे आणि संत्री-लिंबांच्या बागा उद्ध्वस्त करणारा सिट्रस ग्रीनिंग हा रोग पसरवणारी कीड त्याच्यावर पोसली जाते. याच कारणाने फ्लोरिडा, टेक्सास आणि कॅलिफोर्नियातील बाधित भागांतून लिंबू आणि कढीपत्ता यांची रोपे बाहेर नेण्यावरही निर्बंध आहेत. आपल्याच राज्यातील किंवा आपल्या राज्यात पाठवण्याची परवानगी असलेल्या रोपवाटिकेतूनच ती घ्यावीत, नातेवाइकांकडून टपालाने मागवू नयेत.

ज्यांना झोन लागू नाही

झेंडू, मेथी, कोथिंबीर, भेंडी, दुधी, वांगी ही एका हंगामाची पिके असल्याने त्यांना झोन पाहायचा नसतो. त्यांच्यासाठी वसंतातील शेवटच्या दहिवराची आणि शरदातील पहिल्या दहिवराची तारीख पाहावी. मध्य न्यू जर्सीत हा काळ साधारण एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत किंवा अखेरपर्यंतचा असतो. मोठ्या फुलांच्या झेंडूला पेरणीपासून फुलायला सुमारे तीन महिने लागू शकतात, म्हणून दसऱ्याच्या तोरणासाठी जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत बी पडलेले असावे. दसरा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येतो त्या वर्षी शिकागोसारख्या ठिकाणी रात्री झाडांवर जुनी चादर टाकावी लागते. दिवाळीपर्यंत अंगणातला झेंडू टिकेल असे उत्तरेत धरून चालू नये. सप्टेंबरातच फुले सावलीत वाळवून माळा करून ठेवाव्यात.

तुळस झोन १० च्या खाली हंगामीच समजावी. मे महिन्यात वृंदावनात नवे रोप लावावे आणि मंजिऱ्यांतील बी वेचून ठेवावे. ती सहज रुजते. शेवंती मात्र झोन ५ ते ९ मध्ये बारमाही आहे. शरदात दुकानांत रचलेली फुललेली शेवंती त्याच वेळी जमिनीत लावली तर मुळे धरण्याआधीच हिवाळा गाठतो आणि ती जाते; तीच वसंतात लावली तर वर्षानुवर्षे राहते.

आपल्या अंगणातील झोन

झिप कोडचा झोन हा साऱ्या परिसराचा असतो. अंगणात त्याचे लहान लहान तुकडे पडतात. गार हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि सखल कोपऱ्यात साचते. दक्षिणेकडे तोंड असलेली विटांची भिंत दिवसा तापते व रात्री ऊब सोडते. शरदातील पहिल्या दहिवराच्या सकाळी अंगणात एक फेरी मारावी : जेथे गवत पांढरे झाले आहे तो थंड कप्पा, आणि जेथे ते हिरवेच आहे ती सीमेवरच्या झाडांची जागा. एक साधा किमान-कमाल तापमापक दोन ठिकाणी आलटून पालटून टांगला, तर एका हिवाळ्यात जितके कळते तितके कोणताही नकाशा सांगू शकत नाही. आमच्या अंगणात भिंतीलगतची जागा आणि मागील कुंपणाची जागा यांत शांत, निरभ्र रात्री चार-पाच अंश फॅरनहाइटचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ अर्धा झोन.

थंडीइतकीच ओल मारते. अंजीर, डाळिंब आणि अनंत यांना हिवाळ्यात पाय ओले चालत नाहीत. चिकण मातीत उंच वाफा करून लावावे. सदाहरित झाडांना वाऱ्याचा मार चुकवावा, कारण गोठलेल्या जमिनीतून पाणी मिळत नसताना वारा पाने सुकवतो. उलट, बर्फाची दुलई मुळांना ऊबच देते. ती झटकायची असेल तर फक्त वाकलेल्या फांद्यांवरून झटकावी.

लावणीची वेळही झोनच्या सीमेवर निर्णायक ठरते. सीमेवरचे प्रत्येक झाड वसंतात लावावे, म्हणजे हिवाळ्यापूर्वी मुळांना सहा महिने मिळतात. काटक झुडपे सप्टेंबरातही लावता येतात. ऑगस्टच्या मध्यानंतर नत्राचे खत देऊ नये आणि छाटणी करू नये, कारण त्याने फुटलेली कोवळी पालवी थंडीसाठी तयार होत नाही. झाडे शरदात दिवस लहान होताना हळूहळू थंडीला सरावतात. म्हणूनच नोव्हेंबरात अचानक आलेली कडक रात्र जानेवारीतील तितक्याच कडक रात्रीपेक्षा जास्त नुकसान करते. आच्छादन जमीन गार झाल्यावर तीन-चार इंच घालावे आणि ते खोडाला चिकटवू नये.

वसंतात झाड मेले असे ठरवण्याची घाई करू नये. नखाने साल किंचित खरवडून पाहावी. खाली हिरवे दिसले तर फांदी जिवंत आहे. कलमी झाडांत आणखी एक गोष्ट पाहावी. लिंबाच्या बुंध्यातून तीन-तीन पानांचे काटेरी फुटवे आले, तर वरचे लिंबू गेले असून खालचा काटक खुंट फुटला आहे, असे समजावे; ते झाड वाढेल, पण लिंबे देणार नाही. मोठ्या फुलांच्या हायड्रेंजियाचे झाड जगते आणि फूल मात्र येत नाही, कारण त्याच्या कळ्या आदल्या वर्षीच्या फांदीवर धरलेल्या असतात आणि त्या खोडापेक्षा कमी थंडी सोसतात. अशा वेळी पट्टीवरील झोन खोटा नसतो. तो झाडाच्या जिवाचा असतो, फुलाचा नसतो. नव्या फांदीवर फुलणाऱ्या जाती घेतल्या की ही अडचण सुटते.

कॅनडा आणि ब्रिटनमधील वाचकांनी एवढे ध्यानात घ्यावे की कॅनडाची स्वतःची झोनपद्धती आहे आणि तिच्यात थंडीबरोबर बर्फ, वारा आणि दहिवरमुक्त काळ हेही धरलेले असतात, तर ब्रिटनमध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची एच१ ते एच७ अशी श्रेणी चालते. ती उलटी आहे : एच७ सर्वांत काटक आणि एच१ सर्वांत नाजूक. अमेरिकन झोनचा आकडा तेथील पट्टीशी सरळ जुळवू नये.

आमच्या घरासमोर आता दोन जास्वंदी आहेत. मॉशेटोस जमिनीत आहे, आणि देवाची लाल जास्वंद चाके लावलेल्या कुंडीत. शेवटच्या दहिवरानंतर आठ-दहा दिवस तिला आधी सावलीत, मग सकाळच्या उन्हात ठेवून सरावू द्यावे लागते, नाहीतर घरातली पाने एका दुपारीत भाजतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती पुन्हा आत येते.